पाण्याची हाइट की डेप्थ

फार वर्षांपूर्वी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ओढ्याचं पाणी चढू लागलं. काठच्या बिळात उंदरीणबाईची पाच पिल्लं होती, तिचा जीव टांगणीला लागला. पाणी मोजायचं काम शहरात शिकून आलेल्या बगळ्याकडे होतं.

"बगळेभावजी, पाणी कुठवर आलंय?"

"थांब गं बाई. हाइट म्हणायचं की डेप्थ, ते आधी ठरू दे."

"वरून बघितलं तर डेप्थ, खालून बघितलं तर हाइट," खेकडा म्हणाला. "नीट ठरवा, लोक हसतील."

वाद रंगला. पाणी बगळ्याच्या गुडघ्यापर्यंत आलं. उंदरीणबाईने तो गुडघा पाहिला, एकेक पिल्लू तोंडात धरून बांधावर नेलं आणि वरच्या बिळातल्या घुशीला हाक मारली, "मावशी, पाणी बगळ्याच्या गुडघ्याला लागलंय. पुढच्या बिळाला कळवा."