ओल्या भिंतीचा गोंद

कुडाळच्या बाजारात शिरोडकरशेठांचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि शेठ एकदा बोलले की पुढे तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती. मालिनीताई केळुसकर तिथे गोंद मागायला गेल्या. त्यांच्या बाथरूमच्या भिंतीवरचं पॅनेल सासूबाई आंघोळीला बसलेल्या असताना त्यांच्या खांद्यावर कोसळलं होतं आणि ते शेठांच्याच गोंदाने लावलेलं होतं.

"गोंद कमी लावला असणार," शेठ म्हणाले. पॅनेलची पाठ पूर्ण माखली होती, हे ऐकल्यावर म्हणाले, "मग जास्त झाला."

"भिंत आधी वाळवायला हवी होती का?"

शेठ हसले. "ताई, आमचा गोंद ओल्या भिंतीला उलट जास्त धरतो." मग त्यांनी नळी काढली, डबा काढला, फवारा काढला आणि प्रत्येकाला सगळ्यात भारी म्हटलं.

शेवटी मालिनीताईंनी शेठांच्या मागे भिंतीवर लावलेल्या नमुन्याच्या पॅनेलकडे बोट दाखवलं. "मला काही कळेनासं झालंय. हे ज्याने लावलंय ना, तेच द्या."

सगळी गिऱ्हाइकं वळून बघू लागली. पॅनेलच्या चारही कोपऱ्यांत स्क्रू होते.

"त्याचं वेगळं आहे," शेठ घाईने म्हणाले. "ही भिंत पावसाळ्यात ओल धरते. तिथे गोंद कसा टिकणार?"

"असं होय," मालिनीताई म्हणाल्या. "आमच्या बाथरूममध्ये तर रोजच पावसाळा असतो. स्क्रूच द्या."