बाईसाहेबांच्या आवडीचा रंग

जहागीरदार मानाजीरावांना सजावटीचं विलक्षण वेड. आजारी पत्नीच्या खोलीतही त्यांनी सांबरांची शिंगं टांगली होती. ती वारल्यावर त्यांनी बाळोजी चिताऱ्याला बोलावलं.

"ही खोली बाईसाहेबांच्या आवडीच्या रंगात रंगव. रंग चुकला तर हात तोडीन!"

बाळोजीने धास्तावून सगळ्या दासींना विचारलं. रंग कुणालाच ठाऊक नव्हता.

आठवड्याने जहागीरदार आले, तेव्हा भिंती कोऱ्याच होत्या. ते संतापले.

बाळोजी म्हणाला, "सरकार, मी बाईसाहेबांना पाहिलंही नाही. वीस वर्षं संसार तुम्ही केलात. तुम्ही रंग सांगा. लावताना चुकलो, तर हे हात तुमचे."

मानाजीराव पुटपुटले, "मी तिला कधी विचारलंच नाही."

बाळोजीचे हात वाचले. खोलीला मात्र रंग कधीच लागला नाही.