गड चढलेले एडके

कोणे एके काळी, राजे आपल्या ताटातलं अन्न स्वतः पारखून घेत, तेव्हाची ही गोष्ट.

एका डोंगरी राज्यात दरसाल सुगीनंतर गडावर मेजवानी असे. ज्याच्या एडक्यांचं मटण तिथं पसंत पडे, त्याला नदीकाठचं हिरवं कुरण वर्षभर चराईला मिळे. अट एकच. जनावर आपल्या पायांनी गड चढलं पाहिजे.

गडाखालच्या वाडीत ठकू नावाची मेंढपाळीण राहत असे. मोठी भित्री. पान पडलं तरी दचकायची. एखादं मेंढरू कमी चरलं की हिच्याही घशाखाली घास उतरत नसे. त्या साली डोंगरावरचं गवत वणव्यात जळालं. कुरण मिळालं नाही तर कळप घेऊन गाव सोडायची पाळी होती.

शेजारच्या बाळोजीनं मात्र परगावाहून एक भुकटी आणली. ती चारली की एडके फुगत. वर आजार येऊच नये म्हणून धडधाकट जनावरांनाही तो रोज वैदूचा काढा पाजी.

"ठकू, हे एडके आहेत की काठीला गुंडाळलेली लोकर?" तो कुंपणावरून हसला.

ठकू रडकुंडीला आली. "भावजी, चिमूटभर भुकटी मलाही द्या की."

बाळोजीनं पुडी दिली. ठकूनं ती सोडली, आणि हात थबकला. बाळोजीचा थोरला एडका उठता उठता गुडघ्यांवर पडला होता. 'ज्यानं याला उभं राहवेना, ते मी माझ्या मुक्या जिवांना चारू? आणि त्यांच्यावाटे माणसांच्या पोरांना?' तिनं पुडी चुलीत टाकली.

मग ती कळप लांबच्या ओढ्याकडे नेऊ लागली. बाभळीच्या शेंगा झोडून घाली. मेंढरं कोंडायचं वाडगं ओलं झालं की त्याचं कुंपण उचलून कोरड्या जागी मांडी.

हिवाळ्याच्या तोंडी खोकल्याची साथ आली. ठकूचे दोन एडके खोकू लागले. तिचा जीव टांगणीला लागला. तिनं त्यांना वेगळं बांधलं, वैदूकडून काढा आणून पाजला. त्यांनी कधी काढा चाखला नव्हता, म्हणून तो चटकन लागू पडला. बाळोजीचेही एडके खोकू लागले. त्यानं काढ्याची मडकी रिती केली, पण रोज पिणाऱ्या त्या जनावरांना तो पाण्यासारखा झाला होता.

मेजवानीचा दिवस उजाडला. पहिल्याच वळणावर बाळोजीचे एडके धापा टाकत बसले.

"ऊठ की रे, माझ्या वाघा!" बाळोजी काकुळतीला आला. वाघ काही हलला नाही.

त्याच्या बाजूनं ठकूचे एडके टणाटण उड्या मारत वर गेले. तिलाच धावावं लागलं!

राजानं एडक्यांचे डोळे पाहिले, पाठीवरून हात फिरवला. जेवणं झाल्यावर तो म्हणाला, "बाई, असं चवीचं मटण या गडानं बऱ्याच सालांत खाल्लं नव्हतं. कुरण तुझं!"

तुतारी वाजली. ठकू दचकली, आणि मग स्वतःलाच खळखळून हसली.

खाली उतरताना बाळोजी मान खाली घालून बसलेला दिसला. ती थांबली. "भावजी, तुमचीही मेंढरं आणा कुरणात. भुकटी मात्र चुलीत टाका."

लक्षात असू द्या: राखणीनं मुरलेलं बळ गड चढतं, फुगवलेलं बळ पायथ्याशीच बसतं.