इथला अनुभव

मालन थोरात आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात प्रसूतीच्या नर्स होत्या. निम्मा तालुका त्यांच्याच हातांवर जन्मला. मुलापाठोपाठ त्या परदेशी गेल्या, तर तिथे परवान्याशिवाय कामाला हात लावायची सोय नाही. बाईंनी त्या वयात तिथली परीक्षा दिली, भाषेचीही दिली आणि दोन्ही पास झाल्या. उरली फक्त परवाना देणाऱ्या मंडळापुढची मुलाखत.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे मोठं प्रस्थ. शेजारी दिवस भरत आलेली एक कारकून टिपणं घेत होती. अध्यक्षांनी कागद उघडूनसुद्धा बघितले नाहीत.

"तिकडचं काम तिकडे. या देशातला अनुभव किती?"

"परवाना द्या, म्हणजे येईल," मालन सिस्टर म्हणाल्या.

"अनुभवाशिवाय परवाना मिळत नाही."

"आणि परवान्याशिवाय अनुभव?"

"तोही नाही," अध्यक्ष ऐटीत म्हणाले. "या देशात नवीन आलेल्यांवर आम्ही असा विश्वास टाकत नाही."

दुसरी कोणी असती तर डोळे पुसत बाहेर आली असती. मालन सिस्टरांनी पदर सावरला.

"साहेब, प्रसूतीच्या नर्सच्या हातात येतात ती सगळी या देशात नवीनच असतात. अनुभव एकालाही नसतो, भाषा तर नसतेच. त्यांतल्या एकाला तरी तुम्ही परत पाठवलंत का?"

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि शिक्का जवळ ओढला. तो कागदावर उमटायच्या आतच त्या कारकून बाईने विचारलं, "सिस्टर, पुढच्या महिन्यात तुम्ही कुठल्या दवाखान्यात असाल?"