इलाहीचाचांचा चुंबक

एका गावात एक भोळा माणूस राहत होता, अशी गोष्ट सांगायची पद्धत आहे. त्याप्रमाणे सांगतो. गावाचं नाव माळेवाडी. भोळा माणूस म्हणजे मी, निवृत्ती. 'भोळा' हा शब्द माझा. माझी बायको इंदू दुसरा शब्द वापरते.

आमची वाडी सड्यावर, म्हणजे पार डोंगराच्या माथ्यावर. एसटी खालच्या फाट्यापर्यंत येते. तिथून वर सगळी दगडांची वाट. इंदू रोज सकाळी पत्र्याची दुधाची किटली डोक्यावर घेऊन ती वाट उतरते. तिची मान दुखते. त्या वाटेनं वर चढेल अशी गाडी एकच, चारही चाकं ओढणारी जुनी जीप.

फाट्यावर इलाहीचाचांचं गॅरेज आहे. चाचांनी जन्मभर जीपा दुरुस्त केल्या. आता हात थरथरतात. एक दिवस म्हणाले, "निवरती, हात पार बंद पडायच्या आत एक शेवटची जीप उभी करायची हाय. मोडकी आणायची आन पहिल्यासारखी करायची."

कुणासाठी, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. त्यांच्या हाताखाली मी पंधरा वर्षं पाने द्यायचं काम केलं. दहा नंबरचा पाना मागितला की बारा नंबरचा द्यायचो. माझी एकच इच्छा होती. चाचांनी एकदा तरी म्हणावं, "शाबास निवरती, कळलं तुला."

जुनी जीप बघायला खरं तर चाचाच जाणार होते. पण ते आपल्याच गॅरेजच्या खड्ड्यात पडले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. खड्ड्यावरची फळी मीच काढून ठेवली होती, ते असो.

चाचांनी माझ्या हातात एक चुंबक दिला. म्हणाले, "गंजलेल्या पत्र्याची भोकं लोक लांबी, म्हंजे लुकण, भरून बुजवत्यात. वरनं रंग मारला की कळत न्हाई. पन लांबीला चुंबक चिकटत न्हाई. जिथं चिकटला ते घ्यायचं. जिथं चिकटला न्हाई ते घ्यायचं न्हाई."

"बरं चाचा. तसंच करतो."

पहिली जीप एका म्हाताऱ्या कंपाउंडरकडे होती. मी बॉनेटला चुंबक लावला, चिकटला. दाराला लावला, चिकटला. कंपाउंडर खूश झाला. मग मी टायरला लावला. पडला.

"टायरमध्ये लांबी भरलीय," मी म्हणालो.

"अहो, टायर रबराचा असतो."

मी काचेला लावला. पडला. सीटला लावला. तिथंही पडला.

"काचेत लांबी, सीटमध्ये लांबी," मी म्हणालो. "फसवता काय गरिबाला?"

कंपाउंडरनं माझ्या डोक्याकडं बघून विचारलं, "डोक्याला कधी मार लागला होता का?"

मी परत आलो. चाचांनी कपाळाला हात लावला. "अरं, टायरला कुणी चुंबक लावतं का! चुंबक पत्र्याला. आता नीट ऐक. गेल्या गेल्या इंजनावर हात ठेवायचा. गार पायजे. गरम लागलं तर समज, मालकानं आधीच चालू करून ठेवलंय, काहीतरी लपवतोय. गरम लागलं की उठून यायचं."

"बरं चाचा. तसंच करतो."

दुसरी जीप हौसाक्कांची. त्यांचे मालक वारल्यापासून तीन वर्षं अंगणात उभी. चैत्रातलं ऊन. मी भर दुपारी बॉनेटवर हात ठेवला आणि 'आई गं' म्हणून काढला.

"गरम हाय," मी म्हणालो.

"उन्हात हाय, गरमच आसणार. बसा, च्या ठेवते."

"तुम्ही आधीच चालू करून ठेवलीय."

"अवं, आत मांजर व्यालंय! चालू कशी करू?"

मी उठून आलो. सांगितलं होतं तसंच.

चाचांनी या खेपेला दोन्ही हात कपाळाला लावले. म्हणाले, "उन्हातली गाडी आधी सावलीत ढकलायची, मग हात लावायचा. आन हौसाक्कासारखं सरळ माणूस सोडून आलास? तुला आता माणूस पन बघायला शिकवतो. मालक तोंडभर हसतोय, स्वस्तात सोडून दिल्यासारखी देतोय आन गाडीला नवा रंग हाय, तर घ्यायची न्हाई. नवा रंग दिसला की नाण्यानं खरवडून बघायचं, खाली काय हाय."

"बरं चाचा. तसंच करतो."

तिसऱ्या जीपचा मालक महाचिडका निघाला. मला फार बरं वाटलं. मी घरात बूट घालून गेलो तेव्हा तो ओरडला, तिथंच मी ओळखलं की गाडी चांगली आहे. रंग जुना. पत्र्याला चुंबक चिकटत होता. फक्त जीप उन्हात उभी होती.

"आधी सावलीत घेऊ," मी म्हणालो.

"कशाला?"

"तुम्हाला कळायचं न्हाई. त्याला अनुभव लागतो."

सावली होती उताराच्या खाली, तळ्याकाठच्या उंबराखाली. मी मागून एकदाच ढकललं. जीप सावलीत गेली. सावलीतून पुढे गेली. काठावरच्या धुण्याच्या दगडावर डावं मडगार्ड आपटलं आणि जीप तळ्यात उतरली.

मी मागोमाग गुडघाभर पाण्यात गेलो आणि इंजनावर हात ठेवला.

"गार हाय!" मी काठावर ओरडलो. "घेतली!"

तळ्यात घातलेली जीप घ्यायलाच लागते, हे मला मालकानं नंतर वेगळ्या शब्दांत सांगितलं. बैलांनी ती ओढून काढली. चाचांनी तिला बघितलं, चेपलेलं मडगार्ड बघितलं, मला बघितलं. मला वाटलं आता हाकलतात. पण एवढंच म्हणाले, "उभ्या गाडीला हात लावायच्या आधी चाकाला दगड लावायचा, लेका."

"बरं चाचा. तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी फाट्यावर एसटी उभी होती. आत चढायचं म्हणजे गाडीला हात लावणं आलं. मी आधी पुढच्या चाकाला चांगला मोठा दगड लावला. मग चढलो. पुढचं सांगत नाही. कंडक्टर अजून मला तिकीट देताना दुसरीकडे बघतो.

पावसाळा गेला, थंडी आली. चाचांचा पाय बरा झाला. त्यांनी एकट्यानं ती जीप शेवटच्या बोल्टपर्यंत खोलली, धुतली, घासली, परत जोडली. मला पाने द्यायलासुद्धा येऊ दिलं नाही. मला वाईट वाटलं, पण त्यांचंही बरोबर होतं.

एका रविवारी सकाळी सड्याच्या वाटेवर घरघर ऐकू आली. आख्खी माळेवाडी बाहेर आली. आमच्या वाडीत गाडी येत होती! हिरवीगार, चकाचक. चाचांचे हात थरथरणारे, पण स्टेअरिंगवर अगदी थांबलेले. जीप आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. इंदू किटली घेऊन निघालीच होती. तिनं किटली खाली ठेवली आणि तोंडाला पदर लावला.

चाचा उतरले. तोंडभर हसले. माझ्यापुढं चावी धरली. "घे निवरती. ही तुझी. पैसा नको, काय नको. पंधरा वर्षं चुकीचा पाना दिलास, पन एक दिवस खाडा न्हाई केलास. इंदूच्या डोक्यावरचं ओझं उतरव."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चावीसाठी हात पुढे केला. आणि तेवढ्यात मला सगळं आठवलं. आजच दाखवायची वेळ होती, चाचांनी शिकवलेलं काय काय लक्षात आहे ते.

मी आधी चाकाला दगड लावला. मग इंजनावर हात ठेवला. गरम. मालकाकडे बघितलं. हसत होता. स्वस्तात काय, फुकटच देत होता. रंग नवा. मी खिशातून नाणं काढलं आणि बॉनेटवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलं. कोणीतरी "अगं बाई!" म्हणालं. मग चुंबक काढला. उजव्या मडगार्डला लावला, चिकटला. डाव्या मडगार्डला लावला. पडला.

"चाचा," मी म्हणालो, "एक बी खूण चुकली न्हाई. गाडीत खोट हाय. मी न्हाई घेत."

चाचांचा चेहरा उतरला. तो चेहरा आठवला की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. तेव्हा मात्र मी 'शाबास'ची वाट बघत होतो.

"ती लांबी," चाचा हळू म्हणाले, "तू जीप तळ्यात घातलीस त्या चेपेत भरलीय. आन इंजन गरम हाय, कारन मी डोंगर चढून तुझ्याकडं आलोय."

"तरी बी गरम ते गरमच, चाचा. तुम्हीच सांगितलं होतं."

चाचांनी माझ्या हातातला चुंबक घेतला. माझ्या कपाळाला लावला. सोडला. पडला.

"इंदू," ते म्हणाले, "हितंबी लांबीच हाय."

"मला लग्नापासनं ठावं हाय, चाचा," इंदू म्हणाली. "पन आता ह्यास्नी परत कुनाला देऊ?"

चाचांनी चावी तिच्या हातात ठेवली. तिनं ती त्यांनाच लावायला दिली, शेजारच्या सीटवर बसली आणि पदर खोचला. चाकाचा दगड तिनंच मला काढायला लावला. जीप वाट उतरून गेली आणि तिच्यामागं सगळी वाडी पळाली.

मी उठून घरात जाणार होतो. गरम लागलं की उठून यायचं असतं. पण अंगणात बघतो तर गडबडीत दुधाची किटली तशीच राहिलेली. फाट्यावर दूधवाला थांबला असणार.

मी चुंबक उचलला आणि किटलीला लावला. घट्ट चिकटला. कुठंही लांबी नाही. म्हणून ती घेतली, डोक्यावर ठेवली आणि जीपच्या चाकोरीतून चालत डोंगर उतरायला लागलो.