वीस सेकंदांचा कचरा

“…मग त्यात कमी काय आहे, चाचा? तेवढंच सांगा.”

श्रेणिकनं हे तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीर चाचांनी तिसऱ्यांदा नुसता चष्मा पुसला.

मिरजेत, तंबोरे घडवणाऱ्यांच्या गल्लीच्या टोकाला चाचांची रेकॉर्डिंगची खोली. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, दाराला पोत्याचा दुहेरी पडदा. एके काळी गवई, भजनी मंडळं, निवडणुकीच्या गाडीवर ओरडणारे, सगळे इथं येऊन गेलेले. आता ज्याच्या त्याच्या खिशात फोन. कोण कशाला येतंय?

श्रेणिक मगदूम हा याच खोलीतला शिष्य. मालगावच्या गिरणीवाल्या मगदुमांचा एकुलता एक. दोन वर्षं त्यानं चाचांच्या हाताखाली वायरी गुंडाळल्या, मग पुण्याला जाऊन मल्टिमीडियाचे क्लास काढले. अक्षर, चित्र, आवाज, ॲनिमेशन, व्हिडिओ, ही पाच जणं कंप्युटरात एका घरात कशी नांदवायची, हे तो पोरांना शिकवतो. आणि चांगलं शिकवतो, खोटं कशाला बोला?

फक्त चाचांचं नाव निघालं की म्हणायचा, टेपच्या जमान्यातला माणूस, बिचारे.

सहा वर्षांत गडी एकदाही या उंबऱ्यावर आला नव्हता. चाची गेल्या तेव्हा फोनवर जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं होतं. झालं, संपलं कर्तव्य.

आज मात्र दुपारच्या उन्हात लॅपटॉप छातीशी धरून आला होता.

आला तेव्हा चाचा कानाला हेडफोन लावून बसले होते. जुन्या मशीनवर टेप फिरत होती. श्रेणिक दारात उभा राहिला. मशीनवरचे काटे जागचे हलत नव्हते. म्हणजे टेप कोरी. म्हातारं कोरी टेप ऐकत बसलंय, त्याच्या मनात आलं. कान गेले वाटतं.

चाचांनी हेडफोन काढून खुंटीला अडकवला. त्यातून कुठूनतरी लांबून, भांडं ठेवल्यासारखा बारीक आवाज आला.

“त्यात काय आहे?” त्यानं विचारलं होतं.

“काही नाही,” चाचा म्हणाले होते आणि त्याच्यासाठी स्टूल पुढं सरकवलं होतं.

…

गोष्ट अशी होती. श्रेणिकचे वडील, आप्पा, आषाढात गेले. आई तो शाळेत असतानाच गेलेली. आता मालगावच्या घराला कुलूप आणि पुण्याच्या फ्लॅटचं कुलूप रोज संध्याकाळी त्यानंच काढायचं. आत दिवा लावायचा, पंखा लावायचा. मग काय करायचं, हे त्याला अजून सुचलं नव्हतं.

आप्पांचे फोटो खंडीभर होते. आवाज मात्र एकच. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत नवा माइक आला, तो कसा चालतो बघायला त्यानं आप्पांना समोर बसवलं होतं. तीन मिनिटांची फाईल.

ती त्यानं तेव्हाच साफ केली होती. साफ म्हणजे किती? बोटानं पुसून बघावं इतकी. मागची सगळी खरखर, घरघर, सूं सूं काढून टाकली. पडद्यावरच्या आवाजाच्या पट्टीवर बघाल तर जिथं आप्पा बोलतात तिथं रेघ हलते, जिथं बोलत नाहीत तिथं दोरी ताणल्यासारखी सरळ.

आता रोज तो ते ऐकत होता. शब्द आप्पांचे होते, आवाजही आप्पांचाच होता.

“पण आप्पा नाहीत त्यात,” तो म्हणाला.

त्यानं पुढं बरंच सांगितलं. तीन वेगवेगळी सॉफ्टवेअर लावून झाली. आवाजाला भरीवपणा देणारं नवं काहीतरी आलंय, तेही लावलं. पुण्यातल्या दोघा नामांकित लोकांना दाखवलं. दोघं म्हणाले, उत्तम काम आहे. चाचा ऐकत होते आणि पोत्याच्या पडद्याचा सुटलेला एक धागा बोटाला गुंडाळत होते. मुलाच्या बोलण्यात अजून क्लासचा थाट होता, पण मध्येच तो थाट मोडला.

“परवा आठवायला गेलो… गिरणीच्या दारातून हाक मारायचे ती. ‘शिऱ्या, जेवायला चल.’ तर हाच धुतलेला आवाज आठवला, चाचा. खरा आठवेचना. रोज ऐकून ऐकून हा त्याच्यावर बसला. मला भीती वाटते. आप्पा दुसऱ्यांदा जातील.”

बाहेर कुणीतरी भोपळ्यावर कानस घासत होतं.

…

मग चाचांनी विचारलं, “आवाज कंप्युटरात जातो कसा, सांग.”

श्रेणिकच्या कपाळाला आठी पडली. कितीतरी बॅचना शिकवलेलं. पहिल्या दिवसाचा पहिला धडा! पण गुरूनं विचारलंय, करतो काय? सांगितलं. माणूस बोलतो, हवा हलते, माइकचा पडदा हलतो, त्याची वीज होते. कंप्युटर त्या विजेची उंची मोजतो, एका सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर वेळा. प्रत्येक वेळी एक आकडा लिहून ठेवतो. परत ऐकताना त्या आकड्यांवरून तीच हवा पुन्हा हलवतो.

“म्हणजे आत आप्पा नाहीत.”

“आत आकडे आहेत.”

“मग यातले आप्पा कुठले आणि कचरा कुठला, हे त्या मशीनला कोण सांगतं?”

“आपण सांगतो.”

“कसं?”

श्रेणिकला तर हसूच आलं. हेही सोपं होतं. रेकॉर्डिंगमध्ये जिथं कुणीच बोलत नाही असा एक तुकडा निवडायचा. मशीनला म्हणायचं, हे बघ, हा कचरा, नीट ओळखून घे. मशीन तो ओळखून घेतं. मग तसलं जे जे काही असेल, ते सगळ्या फाईलमधून वजा करतं. शब्दांच्या मधून आणि शब्दांच्या खालूनसुद्धा.

“शब्दांच्या खालूनसुद्धा,” चाचा म्हणाले.

“हो.”

“मूळ फाईल आण.”

श्रेणिक खाली बघून म्हणाला, ती पुसली. साफ केलेली होती, मग मूळ कशाला जागा अडवायची? डिस्कही नंतर भंगारात दिली.

चाचा रागावतील असं त्याला वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बघत राहिले.

या खोलीत एक रिवाज होता. रेकॉर्डिंग संपलं की चाचा कुणाला उठू द्यायचे नाहीत. माइक चालू, मशीन चालू, आणि सगळ्यांनी एक मिनिट गप्प बसायचं. मोठमोठे गवई मांडी घालून मुकाट बसायचे. श्रेणिकला तेव्हा हसू यायचं. फुकट टेप घालवतात, असं तो मित्रांना सांगायचा. एकदा त्यानं विचारलंही होतं, एवढं कशाला? चाचा म्हणाले होते, माणसं बोलून झाल्यावर जे उरतं, तेही त्यांचंच असतं. श्रेणिक आपला वायर गुंडाळून घरी गेला होता.

“कुणी बोलत नाही असा तुकडा घेतलास,” चाचांनी विचारलं. “कुठला?”

…

तो तुकडा त्याच्याकडे होता. कसा? तर क्लाससाठी जपून ठेवला होता. आवाजाचा धडा आला की आधी पोरांना तो ऐकवायचा, हे बघा, याला म्हणतात नॉइज, आणि मग साफ केलेले आप्पा ऐकवायचे. पोरं थक्क व्हायची. फाईलचं नावच त्यानं ‘कचरा’ ठेवलं होतं. अकरा बॅचनी ऐकला होता तो कचरा.

“वीस सेकंद आहे नुसता,” तो म्हणाला. “त्यात काही नाही.”

“त्याच्या आधी आप्पा काय म्हणाले?”

साफ केलेल्या फाईलमध्ये ते होतंच. श्रेणिकनं लावलं. काचेसारख्या स्वच्छ, पातळ आवाजात आप्पा म्हणाले:

“मी काय बोलणार? तूच बोल की. मी ऐकतो.”

मग वीस सेकंद काहीच नाही. अगदी काही म्हणजे काहीच नाही, खोलीच्या भिंतींचा घुमारसुद्धा नाही. मग पुन्हा आप्पा: “झालं का रे? चहा टाकू?”

“मध्ये तू काय बोललास?”

“मी… लेव्हल बघत होतो. काटा कुठवर जातोय ते.”

गिरणीच्या धडधडीत चाळीस वर्षं काढलेला माणूस. बोलायची सवयच मोडलेली. रविवारी फोन केला तरी हेच, तू बोल, मी ऐकतो. आणि हा म्हणायचा, बरं आहे सगळं, ठेवतो. आता रविवार येतो आणि फोन टेबलावर पडून असतो.

चाचांनी खुंटीवरचा हेडफोन काढला, लॅपटॉपला जोडला आणि त्याच्या कानांवर ठेवला. स्वतःच्या हातानं, लहान पोराला कानटोपी घालावी तसा. मग म्हणाले, कचरा लाव.

त्यानं लावला.

“आवाज वाढव.”

वाढवला.

आधी ओळखीची खरखर. पंखा. लांब रस्त्यावरून गेलेली एखादी गाडी. हे त्यानं अकरा वेळा ऐकलं होतं, पट्टीवर बघत, डोळ्यांनी. आज चाचांनी लॅपटॉपचा पडदा हातानं अर्धा मिटला. बघायला काही उरलं नाही.

आणि मग त्या खरखरीच्या आतून…

सूं.

थांबून, पुन्हा सूं.

पीठ. चाळीस वर्षांचं पीठ छातीत बसलेला दमा. ज्वारीचं, गव्हाचं, गावातल्या घराघराचं. लहानपणी याच सूं सूंच्या कुशीत तो झोपायचा. कॉलेजात मित्र घरी आले की याच सूं सूंची त्याला लाज वाटायची, हे खरंच आहे, लपवायचं कशाला? आप्पा बोलले तरी ती असायची, हसले तरी असायची, हाक मारली तरी हाकेच्या आधी असायची.

ती त्यानं मशीनला दाखवली होती. हे बघ म्हणाला होता. हा कचरा, नीट ओळखून घे. आणि मशीननं इमानानं ओळखून, शब्दाशब्दाखालून, हाकेच्या बुडातून ती वेचून काढली होती. गुणी मशीन बिचारं. त्याचा काय दोष?

त्या वीस सेकंदांत आप्पा माइकपुढं बसले होते. मांडीवर हात ठेवून, श्वाससुद्धा जपून घेत, पोरगा आता काहीतरी बोलेल म्हणून.

श्रेणिक मोठ्यानं रडला. गोधड्यांनी ते रडणं गिळून टाकलं, गल्लीत कुणाला ऐकू गेलं नाही. चाचांनी त्याला थांबवलं नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. ते आपल्या जागी बसून राहिले. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत दोन माणसं होती.

…

डोळे पुसून झाल्यावर तो पुन्हा मल्टिमीडियावाला झाला. सवय हो, दुसरं काय. हेडफोन मानेवर ओढून भराभर बोलू लागला. हा तुकडा मोठा करता येईल, जोडजोडून तीन मिनिटांचा करता येईल, मग साफ केलेल्या आवाजाखाली अंथरता येईल. श्वास बोलण्याशी जुळवावा लागेल, पण जुळेल. आप्पा परत तयार होतील. आजच बसतो. चाचांनी फक्त जवळ बसून सांगावं, कुठं चुकतंय, कुठं खरं वाटत नाही.

चाचा उठले. लॅपटॉपजवळ आले. चष्मा कपाळावर सारून त्यांनी पडद्यावर ते गोल बाणाचं चिन्ह शोधलं, जे दाबलं की तुकडा संपला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. ते दाबलं. टेपच्या जमान्यातला माणूस, पण तेवढं येत होतं.

मग कोपऱ्यातला जुना माइक स्टँडसकट उचलला. फडक्यानं त्याची जाळी पुसली. श्रेणिकच्या तोंडासमोर आणून ठेवला. मशीनवरची ती कोरी वाटलेली टेप काढून घेतली. तिच्या खोक्यावर चाचींचं नाव होतं, ते आत्ता श्रेणिकला दिसलं. चाचांनी तिच्या जागी दुसरी टेप चढवली आणि बटण दाबलं. लाल दिवा लागला.

“चाचा, हे कशाला? ह्यात काय भरायचंय?”

चाचांनी हेडफोन पुन्हा त्याच्या कानांवर चढवला. आत सूं सूं चालू होती. एकदा, पुन्हा एकदा. वीस सेकंद संपले आणि परत पहिल्यापासून सुरू झाले. घाई नव्हती त्या श्वासाला.

श्रेणिकनं तोंड उघडलं. काय बोलावं कळेना. काटा जागचा हलेना. त्यानं चाचांकडे बघितलं.

चाचांनी वाकून हेडफोनची एक बाजू जराशी उचलली.

“काट्याकडे बघू नको,” ते म्हणाले. “बोल.”