बारावा फोटो

हे घरी सांगायचं नाही, असं तांबोळी सरांनी मला बजावलं आहे. लिहायचं नाही असं ते म्हणाले नव्हते, म्हणून लिहिते आहे.

"पण यात चूक काय आहे, तेवढं तरी सांगा," व्यंकट विचारत होता. तिसऱ्यांदा.

"चूक नाही," सर म्हणाले.

"मग सही करा."

सर डोळ्यांत औषधाचे थेंब घालत होते. थेंब घालून झाले तरी मान मागे टाकून ते तसेच बसून राहिले. दिवसभर त्यांनी एका शाळेच्या ओळखपत्रांसाठी फोटो काढले होते. दीडशे मुलं. दीडशे वेळा 'हनुवटी थोडी खाली'.

उदगीरला स्टेशन रोडवर सरांचा स्टुडिओ आहे. त्याच्या मागे खानावळ आहे, तिथे माझी आई पोळ्या लाटते. शाळा सुटली की सहाला तिचं काम संपेपर्यंत मी स्टुडिओतल्या टेबलावर अभ्यास करते.

व्यंकट सरांकडे फोटोग्राफी शिकतो. सरकारी प्रशिक्षणातून सात जण आले होते, सहा महिन्यांनी तो एकटा उरला. त्याचा हात चांगला आहे आणि ते त्याला माहीत आहे.

पुण्याच्या एका मोठ्या स्टुडिओत एक जागा निघाली होती. बारा माणसांचे बारा फोटो, प्रत्येकाच्या मागे शिकवणाऱ्याची सही. पाकीट सकाळच्या बसने जायला हवं होतं. मागच्या वर्षी त्याला तिथून नकार आला होता. यंदाही आला तर मामाच्या सिमेंटच्या दुकानात बसायचं, असं वडिलांनी सांगून ठेवलं होतं.

अकरा फोटोंच्या मागे सरांनी पेन्सिलीने सही केली होती. बारावा पाहिला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"चाळीस वर्षांत मला असा फोटो जमला नाही," सर म्हणाले.

व्यंकट हसला. "ते दिसतंच आहे. तुमच्या शोकेसमधले मुख्याध्यापक दहा वर्षं एकच तोंड करून बसलेत."

"त्यांना तेच हवं होतं."

"मग माझी सही?"



व्यंकटने फोटो उचलला आणि माझ्यासमोर धरला.

"तू सांग गं. तुझ्या आईचाच आहे. कसा आलाय?"

आई खानावळीच्या मागच्या पायरीवर बसली होती. पीठ लागलेले हात गुडघ्यांवर, तळवे वर. डोकं भिंतीला टेकलेलं. डोळे उघडे होते, पण ती कशाकडेच पाहत नव्हती. उजेड एका बाजूने आला होता आणि चेहऱ्यावरची रेघ न् रेघ दिसत होती.

फोटो सुंदर होता. ते मला लगेच कळलं, आणि कळलं याचाच राग आला.

"घरी आई अशी नसते," मी म्हणाले.

"तेच तर." व्यंकट सरांकडे वळला. "मावशी घरी दाखवत नाहीत. मला दिसलं. हे खरं आहे, सर."

"खरं आहे."

"विचारून काढला असता तर पदर सावरून ताठ बसल्या असत्या. ओळखपत्रासारख्या."

"हो. बसली असती."

"मग अडलंय कुठे?"

सरांनी ड्रॉवरमधून शोकेसची किल्ली काढली आणि टेबलावरून त्याच्याकडे सरकवली.

"शोकेसमध्ये मधली जागा रिकामी आहे. तिथे लाव. सही करतो."

"एवढंच?"

"एवढंच. सहा वाजत आलेत, आटप."

शोकेस रस्त्याच्या बाजूला आहे. पुढे काच, मागे आतून उघडणारं फळीचं दार. ज्याचा फोटो तिथे लागतो, तो घरच्या सगळ्यांना घेऊन बघायला येतो.

व्यंकटने फळी उघडली आणि फोटो घेऊन हात आत घातला. मी उभी राहिले. मला नको म्हणायचं होतं.

तेवढ्यात काचेपुढे आई आली. खानावळीतून सुटली की रोज येते तशी. बाहेर अजून उजेड होता आणि आत दिवा लावलेला नव्हता. तिला आम्ही दिसत नव्हतो, काचेत फक्त ती स्वतः दिसत होती.

तिचा चेहरा फोटोतला होता. अगदी तसाच.

मग तिने पदराने कपाळ पुसलं. भुवईवरचं पीठ झटकलं. टिकली बोटाने दाबून नीट बसवली. दोन्ही गालांवरून हात फिरवला आणि काचेत बघून थोडी हसली. ते नीट जमलं नाही, म्हणून पुन्हा हसली.

दुसऱ्या वेळी ती माझी आई झाली.

मग ती रस्ता ओलांडून भाजीच्या गाड्याकडे गेली. भाजी घेऊन झाली की ती मला हाक मारते.

व्यंकटचा हात अजून शोकेसमध्येच होता. फोटो तिच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता, तिच्याकडे पाठ करून.

त्याने हात बाहेर घेतला. फळी लावली. टेबलापाशी आला आणि फोटो पालथा ठेवला.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"तिथे खिळा नाही."

"खिळा आहे."



सरांनी पेन्सिल उचलली आणि त्या पालथ्या फोटोवर सही केली. उलटून पाहिलं नाही. मग तो माझ्याकडे दिला.

"वहीत ठेव. घरी सांगायचं नाही."

व्यंकट खुर्चीत बसला. मला तो एकदम मोठ्या माणसासारखा दिसला, खूप काम करून आलेल्या.

"सही मिळाली आणि फोटो गेला," तो म्हणाला. "सकाळी बस आहे, सर. आता दुसरा कुठून आणू? अकराच राहिले."

"मोज."

"मोजलेत. अकरा आहेत."

सरांनी डोळे मिटले. औषधाचा एक थेंब गालावर आला होता, तो त्यांनी पुसला नाही.

"पुन्हा मोज, व्यंकट. बारा आहेत."

व्यंकटने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कॅमेरा उचलला.

पाकीट सकाळच्या बसने गेलं. उत्तर अजून आलेलं नाही. फोटो माझ्या नकाशाच्या वहीत आहे. आत्ता आई बाहेरून आली आहे आणि दारातून मला हाक मारते आहे. हाक मारण्याआधी ती दाराबाहेर जराशी थांबते, हे मला आजवर कधी कळलं नव्हतं.